कुंडींतील मातीचा स्वभाव आणि झाडाचें पोषण

गच्चीवर किंवा परसांत चार झाडें लावणाऱ्या घरीं एक प्रकार वारंवार दृष्टीस पडतो. कढीलिंबाचें, कागदी लिंबाचें किंवा जास्वंदीचें रोप प्रथम चांगलें वाढतें. पुढें वर्षा-दीड वर्षांत त्याचीं नवीं पानें फिकट निघूं लागतात. पानाच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात व मधला भाग पिवळा पडतो. घरांतील मंडळींस वाटतें कीं, झाड उपाशी आहे. म्हणून शेणखत घातलें जातें. त्यानें गुण येत नाहीं म्हणून दुकानांतून खताची पुडी येते. कोणी ताक ओतण्यास सुचवितो, कोणी बुंध्याशीं गंजलेले खिळे पुरण्यास सांगतो. हे सर्व उपाय एकामागून एक होतात, तरीहि पानांचा पिवळेपणा हटत नाहीं. उलट एखाद्या दिवशीं पानांच्या कडा करपतात आणि झाड वाळून जातें. मग आपल्या हातालाच यश नाहीं अशी त्या घराची समजूत होते.

वस्तुतः दोष हाताचा नसतो, आणि बहुधा खताच्या कमतरतेचाहि नसतो. मातींत अन्न भरपूर असतांहि झाड उपाशी राहूं शकतें, ही गोष्ट ध्यानांत न आल्यामुळें हा सारा खटाटोप व्यर्थ जातो. मातीच्या ज्या गुणामुळें असें घडतें तो गुण म्हणजे तिची आम्लता किंवा अल्कता. हा गुण जाणून मग खताचा विचार करणें, हा योग्य क्रम होय. व्यवहारांत मात्र बहुतेक ठिकाणीं तो उलटा लावला जातो.

मुळांना अन्न चावून खातां येत नाहीं. जें पाण्यांत विरघळलें असेल तेंच तीं शोषून घेऊं शकतात. झाडाच्या वाढीस अवश्य अशीं मूलद्रव्यें १७ मानिलेलीं आहेत. त्यांपैकीं कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन हीं हवा आणि पाणी यांतून मिळतात. उरलेलीं १४ मातींतून घ्यावीं लागतात. नत्र, स्फुरद व पालाश हीं पुष्कळ प्रमाणांत लागतात. कॅल्शियम, मॅग्नेशियम व गंधक त्या खालोखाल. आणि लोह, जस्त, मंगल, तांबें, बोरॉन, मॉलिब्डेनम, क्लोरीन व निकेल हीं केवळ लेशमात्र. परंतु लेशमात्र लागणारें द्रव्यहि न मिळाल्यास बाकीच्या सर्वांची विपुलता निरुपयोगी ठरते. पिठाचा डबा भरलेला असला, तरी घरांत पाण्याचा थेंब नसेल तर भाकरी होत नाहीं, तसाच हा प्रकार आहे. हा नियम जर्मन शास्त्रज्ञ कार्ल स्प्रेंगेल यांनीं १८२८ च्या सुमारास मांडला व पुढें युस्टस फॉन लीबिग यांनीं तो सर्वत्र प्रसिद्ध केला. आतां, एखादें द्रव्य मातींत आहे किंवा नाहीं हा एक प्रश्न. आणि तें विरघळण्याच्या स्थितींत आहे किंवा नाहीं हा दुसरा. पहिल्या प्रश्नास खत हें उत्तर होऊं शकतें. दुसऱ्याचें उत्तर मातीच्या स्वभावांत शोधावें लागतें.

आम्ल आणि अल्क हे शब्द शास्त्रीय वाटले तरी त्या वस्तु रोजच्या परिचयाच्या आहेत. लिंबू, चिंच व ताक हीं आम्लधर्मी. चुना, राख व धुण्याचा सोडा हीं अल्कधर्मी. हळदीस चुना लागतांच ती लाल होते, हा अल्काचा गुण. त्याच लाल डागावर लिंबू पिळल्यास तो पुन्हां पिवळा होतो, हा आम्लाचा. हा गुण मोजण्याची रीत डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनीं १९०९ सालीं, कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत काम करीत असतां ठरविली. त्या मापास पीएच असें नांव पडलें. मराठी शेतीविषयक लिखाणांत त्यास सामू म्हणतात. हें माप सामान्यतः ० ते १४ असें धरतात. शुद्ध पाण्याचा सामू ७, म्हणजे तें आम्लहि नाहीं व अल्कहि नाहीं. त्याखालीं आम्लता वाढत जाते, त्यावर अल्कता. येथें एक गोष्ट विसरतां कामा नये कीं, या मापांतील प्रत्येक पायरी दसपटीची आहे. सामू ७ असलेल्या मातीपेक्षां ६ ची माती १० पट आम्ल आणि ५ ची माती १०० पट आम्ल असते. म्हणून कागदावर लहान दिसणारा एका अंकाचा फरक मुळांना फार मोठा असतो.

बहुतेक भाज्या, फुलझाडें व फळझाडें यांस ६ ते ७ या दरम्यानचा सामू मानवतो, कारण या टप्प्यांत बहुतेक सर्व द्रव्यें बऱ्यापैकीं विरघळलेल्या रूपांत राहतात. सामू याहून वर चढला म्हणजे लोह, मंगल व जस्त हीं न विरघळणारीं संयुगें बनून मातींतच अडकून बसतात. लोहाच्या बाबतींत तर सामू एक अंकानें वाढतां त्याची विद्राव्यता सुमारें हजार पटींनीं घटते. स्फुरदास चुन्याची मिठी पडते व तोहि दुर्मिळ होतो. सामू फार खालीं उतरला म्हणजे याच स्फुरदास लोह व ॲल्युमिनियम पकडून ठेवतात, आणि ५.५ च्या खालीं ॲल्युमिनियम स्वतःच विरघळून मुळांच्या कोंवळ्या टोकांस विषासारखें बाधूं लागतें. अर्थात् दोन्ही टोकांस उपासमार आहे. मात्र दोहींची कारणें निराळीं आणि म्हणून दोहींचे उपायहि निराळे.

हीं दोन्ही टोकें एकट्या महाराष्ट्रांतच पाहावयास मिळतात. सह्याद्रीच्या पश्चिमेस कोंकणांत वर्षांत २५०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. हजारो वर्षें वाहणाऱ्या त्या पाण्यानें जमिनींतील कॅल्शियम, मॅग्नेशियम व पालाश धुऊन नेलीं. मागें राहिलें तें लोह व ॲल्युमिनियम. जांभ्या दगडाचा आणि त्यापासून झालेल्या मातीचा तांबडा रंग हा त्या लोहाचाच. ही माती आम्लधर्मी असते. सह्याद्रीच्या पूर्वेस, देशावर, कित्येक ठिकाणीं पाऊस ५०० ते ७०० मिलिमीटरच पडतो. तेथें काळ्या पाषाणापासून बनलेल्या मातींतील चुना धुऊन जाण्याऐवजीं जागच्या जागीं सांठत गेला. काळ्या रानांत नांगरतांना वर येणारे चुनखडीचे पांढरे खडे याची साक्ष देतात. अशा मातीचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ असतो. त्याहि वर गेलेली, पाणी धरून ठेवणारी व वाळल्यावर दगडासारखी होणारी जमीन म्हणजे चोपण. तिचा दोष सोडियमचा असून तिच्यावर जिप्समचा उपचार करतात. तो शेताचा विषय आहे. कुंडीपुरता विचार चुन्याचा व आम्लतेचा.

देशावरील कुंडीचा रोग प्रथम पाहावा. नवीन पान पिवळें व शिरा हिरव्या, ही लोहाच्या उपासमारीची खूण होय. पानांतील हरितद्रव्य तयार होण्यास लोह लागतें. उसावर असा पिवळेपणा आला म्हणजे शेतकरी ‘केवडा पडला’ असें म्हणतात. बाजरीवरील केवडा हा मात्र बुरशीजन्य रोग असून त्याचा याच्याशीं संबंध नाहीं. वास्तविक काळ्या मातींत लोह थोडें नसतें. तें चुन्यामुळें अडकलेलें असतें. म्हणूनच बुंध्याशीं पुरलेला गंजका खिळा निष्फळ ठरतो. गंज म्हणजे लोहाचें न विरघळणारें संयुग, आणि तशा संयुगांचा तर तेथें आधींच सुकाळ आहे. ताकाचा प्रयोगहि असाच अल्पजीवी. त्यांतील आम्ल सौम्य असतें व मातींतील सूक्ष्म जंतु तें थोड्याच दिवसांत खाऊन टाकतात. उरतें तें किंचित् नत्र आणि थोडें कॅल्शियम.

मग गंधक घालून माती आम्ल कां करूं नये, असें कोणी विचारील. गंधकापासून जंतूंच्या क्रियेनें मातींत गंधकाम्ल तयार होतें, हें खरें. त्यास कांहीं आठवडे लागतात, हेंहि चालेल. पण हिशेब पाहावा. एका कुंडींत १० किलो माती असून तींत शेंकडा ५ चुनखडी असेल, तर ती अर्धा किलो झाली. रसायनशास्त्राच्या नियमाप्रमाणें तेवढी चुनखडी निष्प्रभ करण्यास सुमारें १६० ग्रॅम गंधक लागेल, आणि ती संपेपर्यंत सामू फारसा खालीं येणार नाहीं. चुनखडी हें आम्ल गिळणारें भांडार आहे. तें रितें होईपर्यंत वरून ओतलेलें सर्व आम्ल त्यांतच नाहींसें होतें. यास्तव ज्या मातींत चुनखडीचे कण आहेत तिचा स्वभाव बदलण्याचा हट्ट धरण्यापेक्षां ती कुंडींत न भरणेंच शहाणपणाचें. मातीवर व्हिनेगरचे चार थेंब टाकल्यास ती फसफसली तर तींत चुना आहे असें समजावें. तशी माती बाजूस ठेवून, न फसफसणारी लाल माती, मुरलेलें शेणखत किंवा पालापाचोळ्याचें खत आणि धुतलेलें कोकोपीट यांचें मिश्रण भरावें.

परंतु येथेंच पुष्कळांची फसगत होते. लाल माती आणून लावलेलें झाडहि एक-दोन वर्षांनीं पिवळें पडतें, कारण चुना मातींतून न आला तरी पाण्यांतून येतो. ज्या पाण्यांत साबणास फेंस येत नाहीं, डाळ लवकर शिजत नाहीं आणि जें तापविल्यानें भांड्याच्या तळाशीं पांढरा थर बसतो, तें पाणी जड. विंधनविहिरीचें पाणी बहुधा या जातीचें असतें. अशा पाण्याच्या एका लिटरांत ३०० मिलिग्रॅम चुनखडीइतका अल्क असेल आणि कुंडीस रोज १ लिटर पाणी दिलें जात असेल, तर वर्षांत सुमारें ११० ग्रॅम चुनखडी कुंडींत ओतल्यासारखें होतें. निचऱ्यावाटें त्यांतला कांहीं भाग निघून जातो, परंतु उरलेला मातीचा सामू हळूहळू चढवीत राहतो. यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पावसाचें पाणी. १० चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटर पाऊस पडला कीं १०० लिटर पाणी मिळतें, आणि त्यांत चुना जवळजवळ नसतो. तें सांठवून निदान अनंत, जास्वंद, लिंबू अशा नाजूक झाडांपुरतें राखून ठेवावें. डाळिंब व अंजीर हीं झाडें चुनखडी पुष्कळ सोसतात. ज्यास जड पाण्यावांचून गत्यंतर नाहीं त्यानें अशीं झाडें निवडावीं, हेंहि एक शहाणपण आहे.

पिवळें पडलेलें झाड तत्काळ सांवरावयाचें असल्यास लोह पानांवाटें द्यावें. १ लिटर पाण्यांत ५ ग्रॅम हिराकस व अर्ध्या लिंबाचा रस मिसळून, ऊन उतरल्यावर पानांवर बारीक फवारा मारावा. ज्या पानांवर औषध पडतें तींच हिरवीं होतात. पुढें निघणारीं पानें पुन्हां फिकट निघाल्यास पंधरवड्यानें फवारणी पुन्हां करावी लागते. हिराकस नुसतें चुनखडीच्या मातींत टाकल्यास त्यांतील लोहहि अडकून बसतें. म्हणून तें मुरलेल्या ओलसर शेणखतांत मिसळून आठ-दहा दिवस ठेवावें आणि मग द्यावें. बाजारांत चिलेट रूपांतील लोह मिळतें. त्यांत इडिडिएचए नांवाचा प्रकार चुनखडीच्या मातींतहि टिकतो, ईडीटीए हा प्रकार तेथें फार काळ टिकत नाहीं. खरेदी करतांना पुडीवरील हें नांव वाचणें हिताचें आहे.

कोंकणांतील कुंडीची गोष्ट याच्या उलट आहे. तेथें लोहाचा तुटवडा नाहीं. उणीव आहे ती कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश आणि अडकून पडलेल्या स्फुरदाची. तेथें चुलींतील लांकडाची राख हें औषध होय, कारण तींत चुना व पालाश दोन्ही असतात. भाताच्या रोपासाठीं राब भाजण्याच्या जुन्या चालींत या राखेचाहि वांटा आहे. दळलेली चुनखडी, शिंपल्यांचा भुगा किंवा अंड्यांच्या टरफलांची पूड आम्ल मातींत सावकाश विरघळून तिची आम्लता कमी करते. भाजलेला चुना मात्र फार उग्र असतो. तो कुंडींत घालूं नये. हाडांच्या खतांतील स्फुरद अशा मातींत मुळांना मिळूं शकतो. आतां हींच राख, हींच टरफलें आणि हाच हाडांचा चुरा देशावरील कुंडींत घातला तर काय होतें? राख सामू आणखी चढविते. टरफलें वर्षानुवर्षें तशींच पडून राहतात. आणि ७ च्या वर हाडांचें खत जवळजवळ विरघळतच नाहीं. रत्नागिरीच्या मावशीनें सांगितलेला उपाय सोलापूरच्या भाचीस अपाय कां करतो, याचें मर्म हें आहे. दोघींचाहि अनुभव खरा, माती निराळी.

झाडाची तक्रार पानांवर लिहिलेली असते. ती वाचतांना एक प्रश्न प्रथम विचारावा : पिवळेपणा जुन्या पानांवर आहे कीं नव्या? नत्र, पालाश व मॅग्नेशियम हीं द्रव्यें झाडांत इकडून तिकडे जाऊं शकतात. तीं कमी पडलीं म्हणजे झाड जुन्या पानांतून काढून नव्यांस देतें. म्हणून खालचीं पानें सबंध पिवळीं झालीं तर नत्राची उणीव, खालच्या पानांच्या कडा करपल्या तर पालाशाची, आणि खालच्याच पानांत शिरांमधला भाग पिवळा पडला तर मॅग्नेशियमची शंका घ्यावी. लोह व कॅल्शियम यांस असा प्रवास करतां येत नाहीं. त्यांची उणीव शेंड्याकडील नव्या पानांत दिसते. टोमॅटोच्या फळाचें बूड काळें पडतें, तेंहि फळास कॅल्शियम न पोंचल्यानें. आणि बहुधा त्याचें मूळ कधीं कोरड तर कधीं चिखल अशा अनियमित पाण्यांत असतें. मात्र मुळें कुजलीं तरी पानें पिवळीं होतात. यासाठीं कुंडीच्या तळाचें भोंक मोकळें आहे ना, हें सर्वांआधीं पाहावें.

खतेंहि मातीचा सामू बदलतात, ही गोष्ट दीर्घ प्रयोगांनीं सिद्ध झालेली आहे. इंग्लंडमध्यें वोबर्न येथें १८७६ सालीं रेताड जमिनींत गहूं व जव यांवर खतांचे प्रयोग सुरू झाले. ज्या वाफ्यांस दरवर्षीं अमोनियाचीं खतें मिळत होतीं तेथें आरंभीं पीक उत्तम आलें. पण सुमारें २० वर्षांनंतर जवाचें पीक तेथें बसत गेलें. जमीन आम्ल झाली होती; चुना दिल्यावर ती पुन्हां पिकूं लागली. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून महाराष्ट्रास परिचित असलेले हॅरॉल्ड मॅन यांनीं पुढें याच वोबर्न केंद्राचें काम पाहिलें. १०० किलो अमोनियम सल्फेटानें होणारी आम्लता घालविण्यास सुमारें ११० किलो चुनखडी लागते, असा हिशेब आहे. कोंकणांत हा त्या खताचा दोष; पण देशावरील जड पाण्याच्या कुंडींत तोच त्याचा गुण होतो, कारण तेथें थोडी आम्लता हवीच असते. खत एकच, त्याची बरीवाईट करणी माती ठरविते.

मात्र कोणतेंहि रासायनिक खत हें रसायनदृष्ट्या मीठच आहे. काकडीच्या कोशिंबिरीस मीठ लावतांच तिला पाणी सुटतें. मातींत खताचें मीठ फार झालें म्हणजे मुळांचेंहि तसेंच होतें. पानांच्या कडा करपणें आणि कुंडीच्या कांठावर पांढरी पापडी धरणें, ह्या त्या अतिरेकाच्या खुणा. तशा वेळीं खत बंद करून, कुंडींतील मातीच्या घनफळाच्या दुप्पट स्वच्छ पाणी सावकाश ओतून तें तळांतून वाहूं द्यावें. एरव्हीं खत थोडें, पाण्यांत विरळ करून व अनेक हप्त्यांनीं द्यावें. मुरलेलें सेंद्रिय खत या सर्वांस आधारभूत आहे. तें द्रव्यें धरून ठेवतें, हळूहळू सोडतें आणि सामूचे चढउतार सौम्य करतें.

हें सर्व करण्यापूर्वीं मातीची परीक्षा व्हावी. एक भाग माती व अडीच भाग पावसाचें किंवा शुद्ध केलेलें पाणी ढवळून, अर्ध्या तासानें वरच्या निवळींत सामूचा कागद बुडविल्यास अदमास कळतो. पक्की माहिती प्रयोगशाळेंत मिळते. महाराष्ट्रांत राहुरी, दापोली, अकोला व परभणी येथें कृषि विद्यापीठें आहेत. केंद्र सरकारनें २०१५ सालीं सुरू केलेल्या मृदा आरोग्य पत्रिकेंत मातीचे १२ गुण नोंदण्याची योजना केलेली आहे. त्यांत नत्र, स्फुरद, पालाश आदि अन्नद्रव्यांबरोबर सामू, क्षारता व सेंद्रिय कर्ब यांचीहि नोंद असते, यावरून खताइतकेंच मातीच्या स्वभावालाहि महत्त्व आहे हें दिसून येतें. रुग्णास औषध देण्यापूर्वीं वैद्य नाडी पाहतो. कुंडींतील मातीची नाडी पाहण्यास व्हिनेगरचे चार थेंब, कागदाची एक पट्टी आणि पानाकडे क्षणभर निरखून पाहणें एवढेंच लागतें; आणि तेवढ्यानें कित्येक झाडें वांचतात, शिवाय खताचा खर्चहि.